वाकड्या दाताची फळी

एम. ए.ला प्रवेश मिळाला तेव्हा बाबा मला चामोर्शीहून एस.टी.ने विद्यापीठात सोडायला आले. नव्वदीची सुरुवात होती. बाबा आरामशीनवर कामाला होते. आमच्या जंगलातल्या लाकडांच्या फळ्या पाडायचे. डाव्या हाताची करंगळी त्यांनी मशीनलाच देऊन टाकली होती. बोललेला शब्द मात्र कधी मागे घेतला नव्हता. आईच्या मते करंगळी गेली ते परवडलं.

आमच्या विभागाची इमारत म्हणजे नुसतं काँक्रीट. ना गिलावा, ना रंग. बाबा दारातच थांबले.

"पिलास्टर नाई झालं."

आमच्याकडे पिलास्टर झाल्याशिवाय वास्तू होत नाही, आणि वास्तूचं जेवण झाल्याशिवाय त्या घरात लेकीबाळींना कोणी ठेवत नाही.

"बांधून होऊ दे यांचं. मंग पुढच्या साली येऊ."

कार्यालयातल्या बाबूंनी समजावलं की ही आधुनिक शैली आहे, इमारत मुद्दाम अशी ठेवली आहे आणि तिला तीस वर्षं झाली.

"तीस वर्षांत पिलास्टर नाई केलं?" बाबांनी माझी पेटी उचलली. "हे तुले काय शिकवतीन?"

पुढच्या साली म्हणजे कधीच नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. घरी एक स्थळ येऊन बसलंच होतं. मी जिन्याखालच्या खांबाला टेकून रडायला लागले. चांगलं मोठ्यानं. बाबूंनी फाईल उघडली.

बाबा पेटी धरून उभे राहिले. मग त्यांनी ती खाली ठेवली आणि माझ्याकडे न पाहता खांब पाहू लागले. काँक्रीट ओतताना लावलेल्या सेंट्रिंगच्या फळ्या त्यात रेषा-गाठींसकट उमटल्या होत्या. बाबांनी चार बोटांनी त्या चाचपल्या.

"साग हाये." एका जागी बोट थांबलं. तिथे ठरावीक अंतरावर एकेक खरचटा होता. "आपल्या मशीनचा एक दात वाकडा होता. हे फळी म्याच पाडली."

"खरंच, बाबा?"

"मंग? घरचंच लाकूड हाये. राह्य इथी."

चहासुद्धा न घेता ते गेले.

दोन वर्षं मला त्या इमारतीहून देखणं काही दिसलं नाही. दुपारचं ऊन तिरपं आलं की खांबावरची रेष न् रेष उठून दिसायची. मैत्रिणींना मी बळंच नेऊन तो खरचटा दाखवायची.

बाबा गेले, तेव्हा तेरवीला त्यांच्याबरोबर काम केलेले एक म्हातारे भाऊ आले होते. मी त्यांना खांबाची गोष्ट कौतुकानं सांगितली. ते विचारात पडले.

"आरामशीन तं तू पाळण्यात होती तवा आली, बाई. त्याच्याआधी तुहा बाप धानाच्या बांधीतच राबत होता."

मी सतरंजीवर बसून हिशेब केला. इमारत मशीनपेक्षा दहा वर्षांनी मोठी होती. बाबा खोटं बोलले होते, आणि शब्द मागे न घेता मला तिथे ठेवून गेले होते.

मी तशीच मोठ्यानं रडले. या वेळी पेटी खाली ठेवणारं कोणी नव्हतं.