रिकामी परतणारी गाडी

"आधी गाडी, मग चहा."

नागपूरहून परत आल्यावर तो एवढंच बोलायचा. चपला काढायचा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडायचा आणि पाण्याचा पाईप घेऊन गाडीच्या मागच्या डब्यात चढायचा. तुम्ही त्याला त्या वेळी पाहिलं असतं तर तुम्हालाही वाटलं असतं, हा माणूस गाडी नाही, देवघर धुतोय.

दारव्हा रस्त्यावर माझं पॅकहाउस आहे. भेंडी, कारली, हिरवी मिरची निवडून, खोक्यांत भरून, थंड करून आम्ही विमानानं आखाती देशांत पाठवतो. हिवाळ्यात गोठवलेला सीताफळाचा गरही जातो. यात सगळ्यात नाजूक काम म्हणजे माल नागपूरच्या विमानापर्यंत नेणं. वाटेत डब्यातली थंडी कमी झाली तर भेंडी काळी पडते, आणि ते कळतं तेव्हा भेंडी समुद्रापलीकडे पोचलेली असते. म्हणून आमच्याकडे थंड्या गाडीचा ड्रायव्हर हा फक्त ड्रायव्हर नसतो. मी त्याला भाऊ म्हणायचे. पॅकहाउसमधल्या बायकाही भाऊच म्हणायच्या.

त्याचं धुणं बघण्यासारखं होतं. आधी साधं पाणी, मग साबण, मग कडुनिंबाचा पाला उकळलेलं पाणी. कोपऱ्यांसाठी वेगळा ब्रश, तो खिळ्याला टांगलेला. दुसऱ्या कोणी त्या ब्रशला हात लावला की भाऊ दिवसभर त्याच्याशी बोलायचा नाही. धुऊन झालं की डब्याच्या भिंतीला नाक लावायचा आणि मला हाक मारायचा.

"या ताई, वास घ्या."

"कशाचा?"

"कशाचाच येत नाही ना? मंग झालं."

मग चहा.

एकदा माल चढवणारा एक जण गालात तंबाखूचा खर्रा दाबून डब्यात चढला. भाऊनं त्याला दंडाला धरून खाली उतरवलं. "बाप्पा, हे खाण्याची वस्तू नेणारी गाडी आहे, तुह्या थुंकण्याची नाही." तो बिचारा गुळण्या करून आला, तरी भाऊनं त्याला तोंड उघडायला लावून तपासलं. बायका हसून हसून मिरच्या निवडायच्या विसरल्या.

त्याचा दोष एकच, परतीला उशीर. कधी पंक्चर, कधी रस्त्यात ट्रक उलटलेला. "भाऊ, तुमच्या गाडीला टायर आहेत तरी किती?" मी एकदा विचारलं. "रस्ता खराब आहे ताई, मी काय करू?" असं म्हणून तो पाईप घेऊन डब्यात चढला. मी विषय सोडला. इतकी स्वच्छ गाडी ठेवणाऱ्या माणसाला उशिराबद्दल काय बोलायचं?

खरेदीदाराचा तपासनीस मुंबईहून आला तेव्हा भाऊनं त्यालाही बूट काढायला लावले. तपासनीस डब्यात फिरला, बोटानं सांधे चाचपले, आणि खूश झाला. म्हणाला, "या गाडीतून दुसरं काही नेत नाही ना? परतीच्या वेळीसुद्धा?" मी डब्याच्या दारावर हात ठेवून सांगितलं, "अन्नाशिवाय या गाडीत काही जात नाही." भाऊ माझ्या शेजारीच उभा होता. "काहीच नाही साहेब," तो म्हणाला. "ताईचा नियमच हाय."

मागच्या उन्हाळ्यात मी बोरी अरबला बाजाराच्या दिवशी गेले होते. भेंडी लावणाऱ्या शेतकऱ्यांशी बोलायचं होतं. तिथं लसूण विकायला बसलेली एक म्हातारी माझ्याकडे बघत होती. उठली, आली आणि सरळ माझ्या पायांवर वाकली.

"थंड्या गाडीवाल्या ताई तुमीच ना?"

"हो. पण हे काय करता?"

"आमच्या बुढ्याले तुमच्याच गाडीनं घरी आनलं. नागपूरच्या दवाखान्यात जीव गेला त्याचा. असं ऊन, अन् पोरगी सुरतेहून यायची व्हती. थंड्या गाडीत ठेवला म्हनून पोरीले बापाचं तोंड पाह्यले भेटलं. आमी पैसे देऊ लागलो तं तुमचे भाऊ म्हनले, ताईचा नियम हाय, मयताचं काही घ्याचं नाही."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. ती माझा हात हातात घेऊन बोलत होती, आणि मी भेंडीच्या खोक्यांचा विचार करत होते. सकाळी परत येणारी गाडी. संध्याकाळी त्याच डब्यात भरलेली खोकी. मधे पाईप, ब्रश आणि कडुनिंबाचं पाणी.

दुसऱ्या दिवशी भाऊ गाडी धुऊन चहाला आला. मी त्याला बसायला सांगितलं नाही.

"किती जणांना आणलं?"

त्यानं कोणत्या जणांना असं विचारलं नाही. "मोजलं नाही ताई. मोजाची गोष्ट नाही ते. गाडी तं रिकामीच यायची. ताडपत्री टाकत व्हतो खाली. अन् धुतो कसा, ते तं तुमी पाह्यताच."

"मला का नाही विचारलं?"

"तुमी नाही म्हनल्या असत्या."

"हो. नाहीच म्हटलं असतं."

"म्हनून नाही विचारलं."

"आणि माझं नाव का घेतलं?"

"ड्रायव्हरचे उपकार कायले घेईन कोनी? मालकिनीनं गाडी पाठवली म्हनलं का मानूस हिमतीनं बसते."

रागावायलाही त्यानं मला धड जागा ठेवली नव्हती. माझी गाडी, माझं नाव, माझा शब्द, हे सगळं त्यानं मला न विचारता वाटून टाकलं होतं, आणि लोक मला हात जोडत होते. पण तपासनिसासमोर मी दारावर हात ठेवून बोलले तेव्हा तो शेजारी उभा राहून हो म्हणाला होता. बाकी काहीही विसरता येईल, ते नाही. मी चावी मागितली. त्यानं ती टेबलावर ठेवली. चहा तसाच राहिला.

खरेदीदाराला मी स्वतः कळवलं. ज्या डब्यातून प्रेत जातं त्यातून माणसांचं जेवण पाठवता येत नाही. तो कितीही धुतला तरी. तेव्हा असंच वाटलं, आजही तसंच वाटतं. त्यांनी हंगामभर माल बंद केला. ती गाडी मी काढून टाकली. पॅकहाउसला कुलूप लागलं आणि बायका घरी बसल्या.

कुलूप लावायच्या दिवशी मी त्यांना कारण सांगितलं. कोणालाच आश्चर्य वाटलं नाही. त्यांच्यातली सगळ्यात जुनी बाई म्हणाली, "माह्या सासऱ्याले बी त्यायनंच आनलं ताई. आमाले सगळ्यायले माहीत व्हतं."

"मग मला कोणी का सांगितलं नाही?"

"तुमी चांगल्या आहा ताई," ती म्हणाली. "पन कडक आहा."

त्यांचं काम गेलं होतं, तरी भाऊविरुद्ध एक शब्द कोणी काढला नाही. एवढी वर्षं मी त्यांच्यासोबत एकाच टेबलावर भेंडी निवडली होती.

पुढच्या हंगामात काम पुन्हा सुरू झालं. गाडी नवी, ड्रायव्हर नवा. तो आधी चहा पितो, मग गाडी धुतो, आणि वेळेवर येतो. भाऊ पुसदकडे कुठं तरी शाळेची गाडी चालवतो असं ऐकलं. मी चौकशी केली नाही. त्याचा ब्रश अजून खिळ्याला आहे. कोणी काढला नाही, मीही नाही.

या वैशाखात फाटकाशी एक माणूस आला. केळापूरकडचा होता. चपला फाटकाबाहेर काढून आत आला आणि हात जोडून उभा राहिला.

"इथं थंड्या गाडीवाल्या ताई राह्यतात ना? माहा सख्खा भाऊ नागपूरले दवाखान्यात वारला. सकाळीच. लोकायनं सांगतलं, त्या ताई गाडी पाठवतात."

मी त्याला शववाहिनीचा फोन नंबर लिहून दिला. म्हटलं, इथली गाडी फक्त भाजीची आहे. त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं, मग आवारात उभ्या असलेल्या नव्या गाडीकडे.

"मंग त्या ताई दुसऱ्या असतील," तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं. "दुसऱ्या असतील."

त्यानं कागद घडी करून खिशात ठेवला, बाहेर जाऊन चपला घातल्या आणि रस्त्याला लागला.