विषाचा सातवा नियम

कंपाउंडरबाईंना जगातल्या निम्म्या गोष्टींची किळस येते, असं त्यांची भाची म्हणायची आणि ते फारसं खोटं नव्हतं. अठ्ठावीस वर्षं त्या एका दवाखान्यात औषधं बांधून देत होत्या. दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी त्या पीत नसत, आणि उघडलेली बाटली आधी नाकाशी नेल्याशिवाय कुणाच्या हातात देत नसत. बहीण गेल्यावर भाचीला त्यांनीच वाढवलं, तेही दोघींचे पेले वेगळे ठेवून.

भाची आता छापखान्यात कामाला होती आणि दर रविवारी एका खेळाला जायची. बंद पडलेल्या वीटभट्टीमागच्या माळावर तीस-चाळीस मोठी माणसं झगे घालून, फोमच्या तलवारी उपसून राजे, चेटकिणी, दरोडेखोर व्हायची. बाईंनी ऐकूनच नाक मुरडलं होतं. पण एका रविवारी भाची म्हणाली, "मावशी, आज मी सेनापती आहे. एकदा तरी बघायला ये." मग त्या गेल्या.

अर्ध्या तासात त्यांना पस्तावा झाला. खेळात जादूची औषधं होती, विषं होती आणि ती बनवणारा एक माणूस होता. त्याला सगळे वैद्यराज म्हणत. एरवी तो विम्याच्या कचेरीत कारकून, बोलण्यात पटाईत. त्याच्या पेटीतल्या बाटल्यांत रंगीत पाणी होतं. जखम भरायचं हिरवं, ताकदीचं लाल, विष काळं. एकच बाटली दहा तोंडांना लागत होती. राक्षस झालेल्या एका गड्याच्या दाढीतून लाळेची तार लोंबली, ती त्याने बाहीला पुसली आणि बाटली पुढे सरकवली. पुढच्याने ती तशीच तोंडाला लावली.

"अहो, निदान पेले तरी ठेवा," त्या वैद्यराजाला म्हणाल्या.

"पेल्यात मजा नाही, बाई. आणि घोट गिळलाच पाहिजे, नाहीतर औषध लागू पडत नाही. नियम आहे." त्याने हसत हसत नियमांची पुस्तिका त्यांच्या हातात दिली. त्यात विषाचे नऊ नियम होते. सातवा असा: विष प्यायलेल्याने तळमळायचं, ओकायचं आणि उतारा मिळेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही.

विष त्या दिवशी सुतळीला मिळालं. सुतळी म्हणजे एक किडकिडीत, लाजाळू शिंपी. सगळ्यांचे झगे त्यानेच शिवलेले, पण खेळात त्याच्या वाट्याला फार तर पहारेकऱ्याचं काम यायचं. त्याने काळी बाटली एका दमात रिकामी केली. मग गळा धरला, गुडघ्यांवर बसला आणि ओकला. फेस आला. पुन्हा ओकला. भोवतालच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी शिट्टी मारली. सेनापतीच्या वेशातली भाचीही टाळ्या वाजवत होती.

बाईंच्या नाकाला मात्र वास लागला. फिनेलचा. त्या घोळक्यात घुसल्या.

"बाई, हात लावू नका, उतारा यायचाय," वैद्यराज म्हणाला.

"बाजूला व्हा," बाई म्हणाल्या. "हा माणूस खरोखर ओकतोय."

त्यांनी सुतळीला कुशीवर वळवलं, साध्या पाण्याने तोंड धुतलं, आणखी ओकायला लावू नका असं बजावलं, रिकामी बाटली रुमालात बांधली आणि त्याला इस्पितळात नेलं. बाटल्या कुठून आणल्या ते वैद्यराजाने तिथे कबूल केलं: कचेरीतल्या झाडूवाल्याच्या कपाटातून. एकदा विसळल्या होत्या म्हणे.

सुतळी वाचला. तोंड आणि घसा आतून सोलवटला होता. दुसऱ्या दिवशी बाई भेटायला गेल्या तेव्हा तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "टाळ्या माझ्यासाठीच होत्या ना? इतक्या कधी मिळाल्या नव्हत्या."

बाईंना त्या ओकारीची आली नव्हती इतकी शिसारी आता आली, त्या टाळ्यांची. जिन्यात भाची भेटली. "तूही वाजवल्यास," एवढंच त्या म्हणाल्या. पुढचे चार दिवस भाची छापखाना सुटला की इस्पितळात जायची, सुतळीला चमच्याने गार दूध पाजायची आणि ओठांवरून ओघळलेलं आपल्याच रुमालाने पुसायची. बाई दाराशी उभ्या राहून बघत. त्यांच्याच्याने ते झालं नसतं.

पुढच्या रविवारी खेळाडूंची बैठक छापखान्यात भरली. अपघात कुठेही होतो, नियम कशाला बदलायचे, असं वैद्यराज घोळवून घोळवून सांगत होता. बाईंनी त्याच्याच पेटीतल्या बाटल्या एकेक हुंगल्या आणि एक त्याच्यासमोर धरली. "घ्या. घोट गिळलाच पाहिजे." त्यांचा अंगठा बुचावर घट्ट होता, पण ते त्याला दिसलं नाही. तो बाटलीकडे बघत राहिला. हात पुढे आला नाही. मग कुणालाच काही पटवून द्यावं लागलं नाही.

नवी पुस्तिका भाचीने छापली. पिण्याचं काही नाही. औषध म्हणजे कापडी थैलीत चिठ्ठी, विष म्हणजे रिकाम्या पेल्याखाली चिकटवलेला कागद, आणि कुणी "खरंच" म्हणालं की खेळ तिथल्या तिथे थांबवून त्याच्याकडे धावायचं. जुना सातवा नियम गेला. वैद्यराजही दोन महिन्यांनी यायचा बंद झाला.

सुतळी परत आला. राजा झाला. बाईंनाही त्या मंडळींनी वैद्यराणी व्हायला बोलावलं. चिठ्ठ्या घरून लिहून देईन, म्हणाल्या, पण त्या माळावर त्यांनी पुन्हा पाऊल ठेवलं नाही.