वासरासाठी राखलेला चीक

समस्त ग्रामस्थांना, येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना आणि विशेषतः माझ्या घरातल्या माणसांना कळवण्यात येतं की, भूम तालुक्यातल्या आमच्या गोठ्यात विश्वासघात झालेला आहे. फिर्यादी मी. आरोपी माझी बायको. नुकसान एका वासराचं.

गाय व्याली की पहिलं पिवळं, दाट दूध येतं, तो चीक. वासराच्या पोटात तो पहिल्या काही तासांतच जावा लागतो, आजाराशी झगडायची ताकद त्यातूनच येते. जास्तीचा चीक साठ अंशावर तासभर तापवला तर त्यातले जंतू मरतात, आणि फ्रीजरमध्ये ठेवला तर पुढच्या अडल्या वासराला कामी येतो, हे मी एका प्रशिक्षणात शिकून आलो होतो. फार तापला तर मात्र तो घट्ट होऊन बसतो.

म्हणून मागच्या खेपेला दुसरी गाय व्याली तेव्हा मी चुलीपुढं तासभर बसलो. पातेल्यात पाणी, पाण्यात चिकाची बरणी, दोरीला थर्मामीटर. भाऊबंद येऊन हसून गेले. "चिकाला ताप आलाय व्हय?" एकटी बायको माझ्या बाजूनं. शेजारी बसून आकडा वाचायची, "एकसष्ट झालं, जाळ ओढा." दोन बाटल्या भरल्या, कागदात गुंडाळल्या, वर लिहिलं : वासराचं, हात लावू नये.

परवा सकाळी पहिलारू गाय व्याली. कास दगडासारखी सुजलेली, पिळलं तर रक्त. वासरू थरथरत होतं. शेजारी गोळा झाले, आणि मला तर हेच हवं होतं. फ्रीजरमधून बाटल्या आणल्या, कागदासकट कोमट पाण्यात ठेवल्या, तोवर एक छोटंसं भाषणही दिलं. मग कागद काढून चीक भांड्यात ओतला.

पांढरा शुभ्र. पाण्यासारखा पातळ.

"हे तर रोजचं दूध हाय," एक शेजारी म्हणाला.

मी बायकोकडं बघितलं. तिनं पदर नीट केला.

"भाऊ आला होता परंड्याहून. घरात चीक असताना त्याला नुसत्या चहावर कसं वाटेला लावायचं? खरवस केला. बाटल्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून दूध भरलं."

वाद घालायला वेळ नव्हता. मोटरसायकल काढली, सोनारीच्या वाटेवर एका ओळखीच्याची गाय पहाटेच व्याली होती, त्याच्या हातापाया पडून चीक आणला. कच्चाच. तापवायला तासभर कुठून आणायचा? बायकोनं वासराची हनुवटी वर धरली, मी बाटली लावली. पहिल्यांदा ते तोंड फिरवत होतं, मग ओढायला लागलं.

ते ओढतंय म्हटल्यावर माझा राग उफाळला. गावानं हसावं, भाऊबंदांनी हसावं, पण जिनं थर्मामीटर वाचला तिनंच हे करावं? बाटली बदलून ठेवावी? आणि त्या भावानं वासराच्या तोंडचं खाताना एकदा तरी विचार करावा की नाही?

शेजारी माना हलवायला लागले. मी आवाज आणखी चढवणार, तेवढ्यात बायकोच्या तोंडून निघून गेलं, "भावानं दोनच वड्या खाल्ल्या. बाकीचं ताट तुम्हीच संपवलं, अन् वर म्हणलात, शेजारणीनं चीक लई गोड दिलाय."