पुठ्ठ्यावरचं पातं

गवत कापायच्या मशीनला नवं पातं लावण्याआधी माळीकाका ते पुठ्ठ्यावर ठेवायचे आणि पेन्सिलीने त्याची कड आखून घ्यायचे. महिन्याने त्याच आकृतीवर पुन्हा ठेवलं की किती झिजलं ते दिसतं. शाळेचं मैदान सव्वीस वर्षं त्यांच्याकडे होतं. मी वाचनालयात नवा. साहित्याची पदवी घेऊन पुस्तकांना डिंक लावतो, म्हणून मला ते पंडित म्हणत.

जुनं मशीन देऊन शाळेने नवं घेतलं. लाल, चकचकीत. काकांनी पातं आखलं, मग बोटावर लटकवून पान्याने वाजवलं. आवाज बसका आला.

"चांगलं पोलाद गातं, पंडित. हे खोकतंय."

त्यांनी स्टोअरकीपरना सांगितलं. ते हसले. "सून उंबरठ्यावर आली नाही तोच नावं ठेवता, काका? कापून तर बघा."

मंगळवारी सकाळी काका गवत कापत होते. मी कडेच्या बाकावर फाटकी पुस्तकं चिकटवत होतो. डिंक संपला, म्हणून उठलो. जिन्यात असताना ठण्ण आवाज आला आणि मशीन बंद पडलं.

धावत परतलो. काका तसेच उभे होते. मुठीवरचे हात सुटत नव्हते. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"कुठे होतास?"

"डिंक आणायला."

त्यांनी मशीन आडवं केलं. पात्याचं एक टोक तुटलं होतं. मशीनखाली दोन तुकडे सापडले. काकांनी सगळं पुठ्ठ्यावर जुळवलं. एका जागी रेघ उघडी राहिली. अंगठ्याच्या नखाएवढी.

"दगड लागला?"

"दगड वेचल्याशिवाय मी मशीन फिरवत नाही."

अर्ध्या तासाने बालवर्ग मैदानावर येणार होता. अनवाणी. काकांच्या गवतावर बाई मुलांना चपला घालू देत नसत.

"बाईंना सांगू, आज नको म्हणून?"

"सांग. पण उद्याचं काय? तुकडा सापडत नाही तोवर एकही पाऊल पडायला नको."

मी सांगून आलो. काकांनी लोहचुंबक दोरीला बांधून गवतावरून ओढला. एक खिळा निघाला, एक केसांची पिन. मग आम्ही गुडघ्यांवर बसलो.

"उलट्या हाताने चाचप. लागलं तर लगेच कळतं."

आता लागेल, असं प्रत्येक वेळी वाटायचं. लागावं, असंही. खिडकीत मुलांची तोंडं दिसत होती. काका पुटपुटत होते, "कानाने सांगितलं होतं. मी कानाचं ऐकलं नाही."

तासाभराने ते म्हणाले, "दमलास. जरा टेक."

मी बाकाकडे गेलो. माझा ब्रश तिथेच पडला होता. त्याच्या वर, पाठ टेकायच्या फळीवर, लाकूड नव्याने उललेलं होतं. आत काहीतरी चमकलं. मी बसलो असतो तर ते छातीच्या उंचीवर आलं असतं.

मी तिथेच उभा राहिलो. काका आपणच आले. त्यांनी पक्कड आणली. तिसऱ्या हिसक्याला तुकडा सुटला. पुठ्ठ्यावर ठेवला. रेघ भरली.

एवढ्यात स्टोअरकीपर आले. "सापडला ना? मग झालं. खोक्यात दुसरं पातं आहे, ते लावा."

काकांनी दुसरं पातं बोटावर लटकवलं आणि वाजवलं. तेही बसकंच.

"लावतो, साहेब. मी गवत कापतो, तोवर तुम्ही त्या बाकावर बसा."

स्टोअरकीपरनी फळीवरच्या भोकात बोट घालून पाहिलं. बोट पेरभर आत गेलं. ते बसले नाहीत. त्यांनी पातं परत खोक्यात ठेवलं, खोकं उचललं आणि काखेत मारून ऑफिसकडे गेले.

दुपारी काका उरलेलं गवत कात्रीने कापत होते. मी शेजारी उभा होतो. बसवत नव्हतं.