सिग्नल

एक घोट घशाखाली उतरला की पर्सी कानाच्या पाळ्यांपासून मानेपर्यंत लालेलाल व्हायचा. छाती धडधडायची, डोकं ठणकायचं. ठाण्यातल्या ज्या बँडमध्ये तो लग्नांना ट्रम्पेट वाजवायचा, तिथली मंडळी त्याला ‘सिग्नल’ म्हणायची. “सिग्नल पडला रे, गाणं थांबवा!” सगळे हसायचे. पर्सीपण हसायचा.

बँडचा मालक डिनो म्हणायचा, “सवय कर, लाली जाईल. दारूने रक्त मोकळं फिरतं रे.” दिवसा वागळे इस्टेटमध्ये फिटरचं काम करणाऱ्या पर्सीने वीसेक वर्षं इमानदारीत सवय केली. लाली होती तिथेच राहिली.

गेल्या हिवाळ्यात डोंबिवलीच्या एका रिसेप्शनला, दोन पेग पोटात असताना, त्याने वरचा सूर धरला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. तो स्टेजवरच खाली बसला. पाहुण्यांना वाटलं, चढली.

दुसऱ्या दिवशी बायकोने, गर्ट्रूडने, त्याला कळव्याच्या मेघना डॉक्टरांकडे ओढतच नेलं. ब्लडप्रेशर चांगलंच वाढलेलं होतं.

“मला चढली नव्हती हो,” पर्सी आधी तेच बोलला. मग एका घोटात येणारी लाली आणि धडधडही सांगितली.

“नसेलच,” डॉक्टर म्हणाल्या. “दारू शरीरात मोडते ना, तेव्हा आधी एक विषारी पदार्थ बनतो, अ‍ॅसिटाल्डिहाइड. बहुतेकांच्या अंगात तो पटकन निकामी होतो. तुमच्यात ते काम जन्मापासूनच मंद असावं. मग तो रक्तात साचतो. चेहऱ्याच्या रक्तवाहिन्या फुलतात, प्रेशर एकदम उतरतं, ते सावरायला हृदय धावत सुटतं. त्यात तुम्ही दम लावून फुंकत होतात.”

“पण आता तर प्रेशर वाढलंय म्हणता?”

“ते वर्षानुवर्षांचं. रोजच्या पिण्याने रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर खराब होतं, त्या कडक होतात.”

“सवयीने जाणार होतं ना हे?”

“याची सवय होत नाही, पर्सी. चेहरा तुम्हाला नको म्हणून सांगत होता.”

घरी आल्यावर पर्सी भडकला. “वीस वर्षं माझं अंग ओरडत होतं आणि मी लोकांबरोबर दात काढत बसलो!”

भाचीच्या, व्हॅलेरीच्या, लग्नात टोस्टच्या वेळी डिनो भरलेला ग्लास घेऊन आला. “नवरीसाठी तरी घे. अपशकुन करू नकोस.”

“पाणी घेईन.”

“दोन घोटांनी मरत नाही कोणी. बायकोला घाबरलास काय?”

पर्सीने ग्लास त्याच्या हातातून घेतला, सगळ्यांदेखत टेबलावर ठेवला. “कोणाला घाबरत नाही म्हणूनच ठेवला. आणि ऐक, यापुढे मला पर्सी म्हणायचं. सिग्नल नाही.” मग पाण्याचा ग्लास उंच धरून तो भाचीचं नाव घेऊन ओरडला, इतक्या जोरात की नवरा दचकला. व्हॅलेरीने पाण्याच्याच ग्लासला ग्लास लावला.

त्यानंतर डिनोचे फोन बंद झाले. पर्सीने त्याच्या दारी खेटे घातले नाहीत. कारखान्यातला प्रफुल्ल त्याला कळव्याच्या जयंतीच्या मिरवणुकीत घेऊन गेला. निळे झेंडे, पोराबाळांची झुंबड, आणि मध्ये ट्रम्पेट घेतलेला पर्सी. उन्हाने चेहरा लाल झाला तेव्हा त्याने रुमालाने पुसला आणि पुढचं गाणं धरलं. प्रेशरची गोळी चालू आहे, बहुधा कायम राहील. धडधड मात्र पुन्हा झाली नाही.

नाताळच्या तोंडावर डिनोचा फोन आला. “सीझन आहे, माणूस कमी पडतोय. ये. पिऊ नकोस, पण कोपऱ्यात उभा राहा. गिऱ्हाईकाला बरं नाही दिसत, सगळे पितात आणि एकटाच कोरडा.”

“मी मध्ये उभा राहणार,” पर्सी म्हणाला. “आणि कोणी ग्लास पुढे केला, तर का घेत नाही ते माइकवर सांगणार. चालत असेल तर कळव.”

उत्तराची वाट त्याने पाहिली नाही. फोन ठेवून त्याने ट्रम्पेट काढलं आणि खिडकी उघडून रियाजाला बसला.