वायरमनने जोडलेले ग्रुप

आमच्या शीतगृहात गळतीची सूचना मोबाइलवर यायची. अमोनियाचा पाइप सुटला की कॉम्प्रेसरवाला ग्रुपवर लिहायचा आणि आम्ही बाहेर पळायचो. पण तो ग्रुप कायम कामगारांचा. ठेक्यावरच्या हमालांचा वेगळा, दुसऱ्या ॲपवर. त्यांची हजेरी तिथेच लागायची. एकदा सूचना आली, आम्ही बाहेर पडलो आणि हमाल आत पेट्या रचत राहिले. वायरमनचा मेहुणा त्यांच्यात होता. त्याचा एक डोळा गेला.

"सगळ्यांना एकाच ग्रुपात घेऊ," वायरमन म्हणाला.

"हमाल आपल्यात? उद्या डबाही एकत्र खायचा का?" फिटरने विचारलं.

ठेकेदारालाही ते नको होतं. तेव्हा वायरमनने दोन्ही ग्रुप बाहेरून जोडायचे ठरवले. मेहुण्याच्या ओळखीने तो हमालांच्या ग्रुपात शिरला आणि भंगारातला कॉम्प्युटर आणून घरी स्वयंपाकघरात मांडला. एका ग्रुपवर आलेला मजकूर उचलून कॉम्प्युटरने आपोआप दुसरीकडे टाकायचा. कामावरून आला की हात धुऊन त्याच्यासमोर बसे. पहिल्यांदा चालू केलं, तर कोणाचं तरी 'हो' इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरतच राहिलं. बायकोने वैतागून वायर उपटली.

"अहो, माणसं तोंडाने सांगत नाहीत का?"

"सांगत असती तर तुझ्या भावाचा डोळा राहिला असता."

शेवटी जमलं. काम चोख होतं. खोट एकच, सगळं त्याच्या नंबरवरून जायचं. मूळ लिहिणाऱ्याचं नाव सुरुवातीला यायचं, पण ते वाचण्याचे कष्ट कोण घेतो?

फिटरने लिहिलं, 'हातमोजे हमालांनीच पळवले.' हमालांना ते वायरमनचं वाटलं. तिकडून आलं, 'खुर्ची उबवणाऱ्यांना हातमोजे कशाला?' तेही आम्हाला वायरमनच्याच नंबरवरून.

"तू नक्की कोणाकडून भांडतोस रे?" फिटर त्याच्या अंगावर गेला.

"मी फक्त पोचवतो. नाव वाच ना."

"नाव कशाला वाचू? नंबर तुझा आहे."

मी म्हटलं, "गळतीचं तेवढंच जाऊ दे."

"आणि कोणी नुसतंच 'वास येतोय' लिहिलं तर? ते कोण निवडणार?"

आठवडाभरात आम्ही त्याला ग्रुपातून काढलं. हमालांनीही काढलं. दोन्ही ग्रुपांचं एकमत झालेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. तिकडचं बटण मेहुण्यानेच दाबलं. म्हणाला, "दाजी, मला इथेच पोट भरायचंय."

पुढची गळती झाली तेव्हा हमाल बाहेर ट्रकवर होते. सूचना आमच्या ग्रुपवर वेळेवर आली, आम्ही निघालो. वायरमन मागच्या खोलीत शिडीवर, पंख्याची जोडणी करत होता. फाटकाशी उभं राहिल्यावर कोणीतरी विचारलं, तो कुठे आहे.

तो वाचला. छाती जळाली. चार पायऱ्या चढला की बसतो, त्यामुळे काम गेलं.

दवाखान्यात वहिनींनी मला विचारलं, "भाऊजी, ह्यांना कोणी सांगितलं कसं नाही?"

"सूचना टाकली होती," मी म्हणालो.

त्या संध्याकाळी आमच्या ग्रुपवर 'लवकर बरे व्हा' आणि फुलांच्या चित्रांची रीघ लागली. हमालांच्या ग्रुपवरही लागली होती, असं मेहुणा सांगतो. वायरमन दोन्हीकडे नव्हता.