परग्रहावरच्या बाईची पाठवणी

बाळांनो, यंदा शाळेच्या वेशभूषेसाठी तुम्ही मुखवटा विकत आणणार आहात, असं तुमच्या आईकडून कळलं. आणण्याआधी हे वाचावं, म्हणून तुमची ही आजी लगेच लिहायला बसली.

तुमच्या आत्याने एकदा परग्रहावरच्या बाईचा चेहरा आपल्या बाळकुमच्या फ्लॅटमध्ये केला होता, ठाण्यातल्या रंगभूषेच्या एका स्पर्धेसाठी. आधी स्वतःच्या चेहऱ्याचा ठसा. कवळीच्या मापाला दाताचे डॉक्टर वापरतात तो लगदा मी तिच्या तोंडावर थापला, नाकपुड्या तेवढ्या सोडून. त्यावरून प्लास्टरचा चेहरा झाला. त्यावर मातीचं उंचवट्यांचं कपाळ आणि चपटं नाक, मग त्याचा साचा, आणि साच्यात पातळ रबर. वाळलेलं रबर सोलताना हमखास फाटायचं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी एकच तुकडा अखंड निघाला. तो प्लास्टरच्या चेहऱ्यावर चढवून तिने गॅलरीत ठेवला आणि ती आंघोळीला गेली. दुसरा करायला आता वेळ नव्हता.

त्याच दिवशी गौरी यायच्या होत्या. टिटवाळ्याहून माझ्या मोठ्या जाऊबाई आल्या. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन व्हायचं होतं. गौरीचा मुखवटा मी धुऊन वाळत ठेवलाय, असं समजून त्यांनी त्या चेहऱ्याला ओली हळद लावली, कुंकू लावलं आणि नमस्कार केला.

"यंदा नवीन घडवलास का गं?" त्यांनी मला विचारलं. "कपाळ जरा मोठं झालंय."

आत्या बाहेर आली आणि ओलं फडकं घेऊन धावली. हळद रबरात मुरली होती. चोळावी तर तुकडा फाटणार.

"काकू, ही गौर नाहीये. परग्रहावरची आहे. उद्या मला हिला स्पर्धेला न्यायचंय."

"हळदीकुंकू लागलं की तिसऱ्या दिवसाआधी हलवायचं नाही."

"वहिनी, वर्षभर खपलीय हो ती," मी म्हटलं.

जाऊबाईंनी वाकून ते कपाळ जवळून न्याहाळलं. "लांबून आलीय म्हणतेस?"

"फार लांबून," आत्या म्हणाली.

"मग जाऊ दे. पण उपाशी पाठवायची नाही."

दुसऱ्या दिवशी गौरीपूजन झाल्यावर त्यांनी त्या चेहऱ्याला दहीभाताचा नैवेद्य दाखवला, खणानारळाने ओटी भरली आणि स्वतःच्या हाताने तो जागेवरून जरासा हलवला. पाठवणी झाली. आत्याने ठरवलेला निळा रंग बाजूला ठेवला आणि पिवळ्याभोवती तपकिरी रेषा काढल्या.

परीक्षकांनी विचारलं, "कपाळावरचा हा रंग कशाने दिलात?"

"घरच्यांनी दिला," ती म्हणाली.

तिला तिसरं बक्षीस मिळालं. आपल्या हळदीला मिळालं, असं जाऊबाई टिटवाळ्यात अजून सांगतात.

रबराचा चेहरा पुढच्या उन्हाळ्यात चिकट होऊन फाटला. प्लास्टरचा माझ्या कपाटावर आहे, शाबूत; हवा तर घेऊन जा.